प्रेमिलानं दार सोडलं नाही

पिंकीनं दातांच्या डॉक्टरांच्या बोटाला कडकडून चावा घेतला, तेव्हा प्रेमिला सोमकुंवरला मनातल्या मनात बरं वाटलं.

तसं वाटायला नको होतं. डॉक्टर श्वेता चांगली बाई होती, पोरीशी मायेनं बोलत होती, आणि बोटाला लागलंही चांगलंच होतं. पण दत्तक घेऊन घरी आणल्यापासून या पोरीनं कुणाचा शब्द मोडला नव्हता. वाढलं ते खायची, सांगितलं तिथं बसायची, झोप म्हटलं की डोळे मिटून पडून राहायची. सहा वर्षांचं लेकरू इतकं गुणी कसं, याचीच प्रेमिलाला भीती वाटायची. शेजारणी म्हणायच्या, "नशीब काढलं वं तू, किती शांत पोट्टी भेटली!" शांत पोर वेगळी आणि धास्तावलेली वेगळी, एवढं तिला कळत होतं.

"चूक माझीच," बोट नळाखाली धरून डॉक्टर म्हणाल्या. "न सांगता बोट आत घातलं."

पिंकी खुर्चीत दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. चावताना तिचं तिलाच जास्त दुखलं असणार. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज नव्हता.

"दुखते तर ओरड ना वं," प्रेमिला म्हणाली. "इथी कोणी मारत नाही."

पिंकी ओरडली नाही.

प्रेमिला एसटीत कंडक्टर. नागपूर-मौदा गाडीवर तिची वर्षानुवर्षांची ड्यूटी. ती वाढली इंदोऱ्यात. वडील धोंडबा कापडाच्या मिलमध्ये होते. मिल बंद पडली, बाप घरी बसला, आई दुखण्यात गेली, मोठा भाऊ प्रीतम गांधीबागेत कापडाच्या दुकानात लागला आणि प्रेमिलानं खाकी कपडे अंगावर चढवले. त्या वेळी बाई कंडक्टर दिसली की कळमन्याहून चढणारे हमाल पायरीवरच हसायला लागायचे. एकदा भर गर्दीत एका माणसानं कॉलेजच्या पोरीच्या अंगाला हात लावला. प्रेमिलानं घंटी मारली आणि कापसीजवळ भर उन्हात गाडी उभी केली. "हा माणूस उतरल्याशिवाय गाडी हलत नाही." लोक चिडले. मौद्याच्या पॉवर प्लांटवर जाणारे मजूर खाडे पडतील म्हणून ओरडू लागले. ती दाराला पाठ लावून उभी राहिली. शेवटी लोकांनीच त्या माणसाला खाली ढकललं. त्यानंतर त्या रस्त्यावर तिला कुणी हसलं नाही.

लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, असं विचारणारे पुष्कळ होते. त्यांना उत्तर देणं तिनं कधीच सोडून दिलं होतं. चाळिशी आली तेव्हा एका दुपारी जेवताना तिनं घरात सांगितलं, "मी पोट्टी दत्तक घेऊन राहिलो."

भावजय दीपमाला शेजारच्याच घरात राहायची. ती ताटावरून उठलीच. "लग्न नाही केलं, अन् आता लेकरू? लोक काय म्हणतीन, प्रेमिलाबाई?"

"म्हणू दे लोकाईले. बोलाले काही तिकीट लागत नाही."

धोंडबांनी फक्त एवढंच विचारलं, "माह्यानं होईन तेवढं मी करीन. पण पोट्टीले शाळेतून आणाले मले जमन ना वं?"

"जमते, बाबा. काहून नाही जमत?"

मग वाट पाहणं सुरू झालं. ते वर्षानुवर्षं चाललं. दत्तकाच्या कामासाठी घर पाहायला आलेल्या बाईंनीही आडून आडून तेच विचारलं, जे दीपमालानं तोंडावर विचारलं होतं. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेकडून पिंकीचं कळलं. तिच्या सगळ्या फोटोंत तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. प्रेमिलानं तिच्यासाठी रोशनी हे नाव मनात धरून ठेवलं होतं. पण रोशनी म्हणून हाक मारली की पोरगी मागं वळून दुसरीच कुणी मुलगी शोधायची. तिच्याजवळ स्वतःचं म्हणून नावाशिवाय काही नव्हतं. ते कसं काढून घ्यायचं? प्रेमिलानं रोशनी सोडून दिलं. पिंकीही तिला आई म्हणाली नाही. धोंडबा हाक मारायचे तशी तीही 'प्रेमिला' म्हणू लागली. गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली. प्रेमिला म्हणाली, "माहं नावच आहे ते."

दातांचं दुखणं आधी धोंडबांच्या लक्षात आलं. पोरगी पोळी वरणात भिजवून, लगदा करून गिळते. चावत नाही. हसू आलं तर तोंडावर हात धरते. मग एका सकाळी तिचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. दवाखान्यात, त्या चावाचावीनंतर, डॉक्टर श्वेतांनी कसंबसं तोंड पाहिलं. दात कसले, काळे खुंटच उरले होते. लहानपणी गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवत असतील, पुढं कुणी लक्ष दिलं नसेल, असं त्या म्हणाल्या. खुर्चीत बसवून हे काम होणार नव्हतं. पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं करावं लागणार होतं. काही दात काढायचे, काही आतून साफ करून त्यांच्यावर स्टीलच्या टोप्या बसवायच्या.

दीपमालाला हे कळलं तशी ती ओढणी सावरत आली. वाईट बाई नव्हती ती. आपण शहाणपणाचं सांगतो आहोत असंच तिला वाटत होतं.

"पहिलेच पाहून घ्याले पाहिजे होतं. आता हे ऑपरेशन, उद्या अजून काही निघन. अजून दत्तकाचे कागद पक्के नाही झाले ना तुहे? सांगून पाहा त्या लोकाईले. दुसरी भेटन, चांगली."

"वहिनी, भाऊच्या दुकानात एकदा फाडलेला कपडा परत घेते का?"

"नाही घेत. पण…"

"कपडा नाही घेत, अन् मी लेकरू परत देऊ? चहा पिऊन जा. हा विषय या घरात दुसऱ्यांदा नाही निघत."

दीपमाला चहा न पिताच गेली. प्रेमिला आत आली, तर पिंकी कोपऱ्यात बसून आपले दोन फ्रॉक कापडी पिशवीत भरत होती. रडत नव्हती. नीट घड्या घालून, एकावर एक ठेवत होती. संस्थेतून येताना हीच पिशवी तिच्या खांद्याला होती.

प्रेमिलानं पिशवी घेतली, फ्रॉक काढून कपाटात ठेवले, कात्री आणली आणि पिंकीच्या डोळ्यांदेखत पिशवीचे उभे तुकडे केले. "हे फरशी पुसाले," ती म्हणाली. पिंकी तुकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग एक तुकडा उचलून तिनं खरोखरच फरशी पुसली.

ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. एका रविवारी प्रेमिला तिचे केस विंचरत होती. तेव्हा पिंकी आपण होऊन बोलली, अगदी हळू.

"ते पण दवाखाना होता."

"कोणतं?"

"ती बाई म्हणाली, इथीच बस, मी आलीच. मी बाकावर बसली होती."

कंगवा केसांतच थांबला. ती बाई कोण, पिंकीला आठवत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. प्रेमिलानं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्या घरात 'आलोच' हा शब्द बंद झाला. धोंडबासुद्धा दूध आणायला निघताना दारात उभे राहून सांगू लागले, "पिंकी, मी चौकात चाललो, दूध घेईन अन् घरी वापस येईन." कधीकधी तर वाटेत कोण भेटेल तेही सांगायचे.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरबाहेरच्या बाकावर प्रेमिला आणि पिंकी बसल्या होत्या. सिस्टर हिरवा झगा घेऊन आली आणि तिनं तो पिंकीला घातला.

"मी आत येतो ना?" प्रेमिलानं विचारलं.

"नाही बाई. आईबापाले आत घेत नाही."

"तिले झोप लागेपर्यंत तरी."

"नियमच नाही तसा." सिस्टर वाकली, पिंकीचा हात हातात घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "चल बेटा. तू माझ्यासोबत चल, मम्मी आलीच हं."

पिंकी किंचाळेल, हात सोडवून पळेल, असं प्रेमिलाला वाटलं. तसं काही झालं नाही. पिंकी उठली आणि सिस्टरबरोबर चालू लागली. मागं वळून पाहिलं नाही. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. फक्त झग्याखालून पाय ओले झाले होते आणि फरशीवर ओल्या पावलांची रांग उमटत होती.

प्रेमिला उठली आणि थिएटरच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला.

"तिचा हात सोडा, सिस्टर. आज ऑपरेशन होत नाही."

"असं काय करून राहिल्या बाई? पोरगी रडत पण नाही अन् तुम्हीच तमाशा करता."

"ती रडत नाही म्हणूनच करून राहिलो."

आतून कुणीतरी ओरडलं, बाहेर माणसं जमली. डॉक्टर श्वेता धावत आल्या. पुढची तारीख लगेच मिळणार नाही, तोवर पुन्हा सूज येऊ शकते, असं त्यांनी समजावून सांगितलं. प्रेमिलानं सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, तुमचं काहीच चुकत नाही. पण माह्या पोरीले खोटं सांगून कोणी आत नेणार नाही." तिनं आपल्या ओढणीनं पिंकीचे पाय पुसले, तिला कडेवर घेतलं आणि जिना उतरली.

या हट्टाची किंमत पिंकीनं मोजली. आठवडाभरातच गाल पुन्हा फुगला आणि ताप चढला. गोळ्या सुरू झाल्या. पोरगी पाणीसुद्धा एका बाजूनं पिऊ लागली. धोंडबांनी लेकीवर सहसा आवाज चढवला नव्हता, तो आता चढवला.

"कोणासाठी लढून राहिली वं तू? पोट्टीसाठी का तुह्या अकडीसाठी? दुखते तिले, तुले नाही."

दिवसभर गाडीत तिकिटं फाडताना तेच डोक्यात फिरत राहिलं. सिस्टरनं काय वाईट केलं होतं? थोडा वेळच तर होता. पोर झोपली असती, एव्हाना दुखणं संपलंही असतं. पण फरशीवरची ती ओली पावलं आठवली की ती घंटी जरा जोरातच मारायची. बापाचं बरोबर होतं आणि आपलंही बरोबर होतं. मग काहीतरी तिसरं करायला हवं होतं.

सुट्टीच्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात गेली. श्वेता मॅडमनी तिला भुलीच्या डॉक्टरांकडे नेलं. वयस्क, कमी बोलणारे गृहस्थ होते. नियम त्यांचाच होता.

"नियम उगाच नाही केला," ते म्हणाले. "एका मुलाचा बाप आत आला होता. मुलगा बेशुद्ध होताना पाहून तोच धाडकन पडला. मुलाला सोडून आम्हाला त्याला धरावं लागलं. त्या वेळी मुलाला काही झालं असतं तर?"

प्रेमिलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"तुमचं बरोबर आहे, सर. पण मी पडत नाही. धक्के खाणाऱ्या गाडीत उभी राहून माही उमर गेली. अन् माही पोरगी एकदा दवाखान्याच्या बाकावर वाट पाहत बसली होती. तिले तिथी बसवून जाणारी परत आलीच नाही. तुम्ही तिले झोपवान अन् तिले वाटन, दुसऱ्यांदा तसंच झालं. दात बरे होतीन, पण ती पुन्हा कोणावर भरोसा करणार नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मी 'जा' म्हटलं की त्याच क्षणी जायचं. एक शब्द बोलायचा नाही."

"जाईन. पण जाणार आहे हे तिले मी घरूनच सांगून आणीन. तुमच्यापैकी कोणी तिले 'मम्मी आलीच' म्हणून खोटं सांगायचं नाही."

"ठीक आहे," ते म्हणाले. श्वेता मॅडमनी हळूच प्रेमिलाच्या खांद्यावर हात ठेवला.

मग घरात रोज ऑपरेशन होऊ लागलं. धोंडबा सतरंजीवर आडवे व्हायचे, पिंकी प्लास्टिकचा गिलास त्यांच्या नाकावर धरायची आणि प्रेमिला श्वेता मॅडम व्हायची. धोंडबा असे काही घोरायचे की पिंकीच्या हातातला गिलास थरथरायचा. एकदा तिनं गिलास बाजूला घेतला आणि विचारलं, "आबा उठलेच नाही तर?"

प्रेमिला खोटं बोलणार नव्हती. "म्हणूनच तो डॉक्टर असते. तो दुसरं काहीच काम करत नाही. फक्त तुह्याजवळ बसून पाहत राहते, तू उठेपर्यंत."

"अन् तू?"

"तुले झोप लागेपर्यंत मी तुह्याजवळ राहीन. मग मले बाहेर काढतीन. मी दाराशी बसीन. तुहे डोळे उघडतीन तेव्हा मी आत असीन."

"मधी नाही?"

"मधी नाही. मधी तू मले पाहणारच नाही. तुले झोप राहीन."

पिंकीनं विचार केला. मग गिलास पुन्हा आबांच्या नाकावर ठेवला, जरा जास्तच जोरात.

ठरलेल्या दिवशी सकाळपासून पिंकीच्या पोटात काही नव्हतं. दवाखान्याच्या कोपऱ्यावर तर्री-पोह्यांची गाडी होती. तिचा वास थेट पायऱ्यांपर्यंत येत होता. पिंकी पायऱ्यांवर थांबली आणि म्हणाली, "तुमी खाऊन घ्या." प्रेमिला म्हणाली, "तू खाशीन तेव्हा." धोंडबांनीही मान हलवली, पण एकदा गाडीकडे पाहून घेतलंच.

या वेळी प्रेमिलानंही हिरवा झगा घातला, डोक्याला टोपी बांधली. त्या अवतारात तिला पाहून पिंकीनं तोंडावर हात धरला. आत थंडी होती आणि दिवे फार मोठे होते. तीच सिस्टर होती. ती या वेळी काहीच गोड बोलली नाही, तिनं नुसती पिंकीला टेबलावर बसायला मदत केली. डॉक्टरांनी मास्क पुढं केला तशी पिंकी मागं सरकली. सिस्टरनं तिचे खांदे धरले.

"धरू नका," पिंकी म्हणाली.

सगळे थांबले. तिचा एवढा मोठा आवाज घरीही कुणी ऐकला नव्हता.

"मी लावीन."

डॉक्टरांनी प्रेमिलाकडे पाहिलं, मग मास्क पिंकीच्या हातात दिला. तिनं तो आपल्याच हातानं नाकावर दाबला आणि डोळे प्रेमिलावर रोखले. प्रेमिलाला काय बोलावं सुचेना. तोंडातून रोजचे थांबेच बाहेर पडू लागले, "पारडी… कापसी… महालगाव…" महालगावनंतर पिंकीचा हात सैल पडला. डोळे अर्धे उघडेच राहिले आणि त्यात ती नव्हती.

"जा," डॉक्टर म्हणाले.

प्रेमिला एक शब्द न बोलता निघाली. दाराबाहेर आल्यावर मात्र ती भिंतीला टेकली आणि झग्याची बाही दातांत धरून रडली. धोंडबांनी तिला बसवलं नाही, पाणी दिलं नाही, नुसते शेजारी उभे राहिले.

फार वेळ गेला. दीपमाला डबा घेऊन आली. कुणी बोलावलं नव्हतं. डब्यात पातळ खिचडी होती. "पोट्टीसाठी आणली. मिरची नाही टाकली," ती म्हणाली आणि बाकाच्या टोकाला बसली. प्रेमिलानं डबा घेतला.

श्वेता मॅडमनी शब्द पाळला. पोरीला अजून जाग यायची होती तेव्हाच त्यांनी प्रेमिलाला आत बोलावलं. गाल सुजलेले, ओठांच्या कोपऱ्यात लाल लाळ, हातात सुई. पुढचे दात काढले होते. प्रेमिला खाटेला चिकटून उभी राहिली.

पिंकी जागी झाली ती ओरडतच. पाय झाडले, सुईचा हात आपटला. डोळे उघडे होते, पण त्यांना कुणी ओळखू येत नव्हतं. प्रेमिला वाकली तशी पिंकीनं तिच्या गालावर नखं ओढली. "जा! जा तू! जा!"

"भुलीनं होते असं," सिस्टर म्हणाली. "तुम्ही थोडं बाहेर थांबा, मी पाहतो."

"नाही," प्रेमिला म्हणाली. "मार वं, पिंकी. मी इथीच आहे."

पिंकीनं मारलं. दमेपर्यंत मारलं. मग हळूहळू नजर स्थिरावली आणि तिला समोरची बाई दिसली, गालावर ओरखडे घेऊन उभी असलेली.

"होती?" बोबड्या, जड जिभेनं तिनं विचारलं.

"तू झोपली तोपर्यंत होतो. मग दाराशी होतो. आता इथी आहो."

"खोटं नाही?"

"नाही."

पिंकीनं डोळे मिटले, पुन्हा उघडून खात्री केली आणि म्हणाली, "भूक लागली."

जखमा भरल्या. मागच्या दातांवर स्टीलच्या टोप्या चमकू लागल्या. पहिल्यांदा आरशात पाहून पिंकी घाबरली. मग दिवसभर आरशासमोरून हलेना. पोळी चावून खाऊ लागली. शाळेतून तक्रार आली, वर्गात फार बोलते म्हणून. धोंडबांनी ती तक्रार गल्लीभर सांगितली.

श्वेता मॅडमनी एकच ताकीद दिली होती. चिकट, कडक काही नाही, टोप्या निघतील. एका संध्याकाळी इंदोरा चौकात पिंकीला हातगाडीवर चिक्की दिसली.

"मले पायजे."

"नाही."

"काहून नाही? मले पायजे!"

"टोपी निघते. नाही म्हणजे नाही."

पिंकी भर चौकात फुटपाथवर बसली. पाय पसरले आणि तोंड उघडून भोकाड पसरलं, असं की समोरचा रिक्षावाला मागं वळून पाहू लागला. पुढचं खिंडार, मागची चांदी, गळ्यातली पडजीभसुद्धा दिसत होती. "मले चिक्की पायजे, प्रेमिला! पायजे म्हणजे पायजे!"

प्रेमिला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. लोक थांबू लागले. भाजी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्यानं मान हलवली.

"बाप्पा! एवढी अडेल पोट्टी! कोणावर गेली वं बाई?"

"माह्यावर," प्रेमिला म्हणाली, आणि चिक्की घेतली नाही.